रस्सा कशात बांधून द्यायचा? (प्लास्टिकबंदी आणि पार्सल)

फोडणीची पोळी
सरळ मुद्द्यावर येते. आमचं छोटं पोळी-भाजी केंद्र आहे, मी आणि माझी जाऊ मिळून चालवतो. पोळ्या फॉइलमध्ये जातात, सुकी भाजी कागदी खोक्यात जाते, कुणाची तक्रार नाही. अडतं ते आमटी, उसळ, कढी आणि रविवारच्या मटण रश्श्यापाशी. आजवर जाड पारदर्शक पिशवीत ओतून वर रबरबँड मारून देत आलो. सगळे तेच करतात. गेल्या आठवड्यात पालिकेचं पथक गल्लीत आलं आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींच्या हातात पाच हजारांची पावती ठेवून गेलं. मावशींच्या पाटीतला सगळा माल विकला तरी तेवढे येत नाहीत. आमच्यापर्यंत आले नाहीत, पण येतील.

तर प्रश्न दोन. पातळ पदार्थ कशात द्यायचे, जे कायद्यात बसेल, गळणार नाही आणि ज्यापायी आमटीचा भाव वाढवावा लागणार नाही? आणि बंदी इतकी वर्षं आहे तर पिशव्या येतात कुठून? घाऊक बाजारात मागितल्यावर मला एकदाही 'नाही' ऐकायला मिळालेलं नाही.

'प्लास्टिक वाईट असतं' हे कृपया सांगू नका. माहीत आहे.

बंडू बावळे
रस्सा आटवून वड्या पाडा. गिऱ्हाईक घरी जाऊन पाणी घालेल आणि उकळेल. पेटंट माझं.

फोडणीची पोळी
पहिली वडी तुम्हाला फुकट.

पोटकलम
आधी कायदा सांगतो, कारण याबाबत दुकानदारांपासून पथकापर्यंत सगळ्यांचा गोंधळ आहे.

राज्यात पहिली मोठी हालचाल झाली २६ जुलै २००५ च्या पुरानंतर. मुंबईचे नाले पिशव्यांनी तुंबले होते. २००६ साली ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या बंद झाल्या, कागदावर. मग २३ मार्च २०१८ ची अधिसूचना आली, तेव्हा रामदास कदम पर्यावरण मंत्री होते. तिने पिशव्यांसकट एका यादीतल्या प्लास्टिकच्या वस्तू बनवणं, विकणं, वापरणं, साठवणं, वाहतूक करणं सगळंच बंद केलं. माल संपवायला तीन महिने दिले आणि २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. दंड पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद.

ताई, तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे त्या यादीत 'द्रव पदार्थ ठेवण्यासाठीचे पाऊच, कप' असा स्वतंत्र उल्लेख आहे. रबरबँडची पिशवी त्यात अगदी नेमकी बसते. हॉटेलात पार्सलसाठी वापरतात ते एकदा वापरायचे प्लास्टिकचे डबे-वाट्याही त्यात आहेत.

केंद्राची बंदी वेगळी. ती १ जुलै २०२२ पासून: प्लेट, कप, चमचे, स्ट्रॉ, कानकोरण्याच्या कांड्या, फुग्याच्या काड्या, सजावटीचं थर्माकोल, मिठाईच्या खोक्यावरची पातळ फिल्म वगैरे. पिशव्यांवर केंद्राने जाडीची अट घातली, आधी ७५ मायक्रॉन आणि २०२२ च्या अखेरीपासून १२०. म्हणून दुकानदार म्हणतात 'साहेब, ही १२० वाली आहे, चालते'. महाराष्ट्रात नाही चालत. इथे हातात धरायची प्लास्टिक पिशवी जाड असो की पातळ, बंदच आहे.

नागपुरी तर्री
भाऊ, आमच्या इकडे सावजीचा रस्सा पन्नीतच येते. गाठ अशी मारते का घरी नेऊन दातानं सोडा लागते, अन् तर्री शर्टावर. कायदा आला अन् गेला, पन्नी आहे तिथंच आहे.

पण एक सांगतो. माझ्या मामाकडे गडचिरोलीकडून पळसाच्या पत्रावळी अन् द्रोण यायचे. बायका घरी बसून काडीनं टाचायच्या. थर्माकोलच्या ताटानं तो धंदा बसवला. बंदी आली तेव्हा वाटलं का आता द्रोणाचे दिवस परत येतीन. आले नाहीत. त्याच्या जागी मशीनवर दाबलेला चकचकीत कागदाचा द्रोण आला.

पोटकलम
आणि त्या चकचकीत कागदाला आतून प्लास्टिकचा थर असतो, म्हणून जुलै २०२२ मध्ये राज्याने तोही बंद केला. वर्ष संपता संपता थोडी ढील दिली: कंपोस्ट होणाऱ्या मालापासून बनवलेल्या आणि तसं प्रमाणपत्र असलेल्या प्लेट, वाट्या, कप चालतील. ताई, तुमच्यासाठी कायद्यातली फट असेल तर हीच.

दाणेवाला
मी या धंद्यात होतो. पिशव्यांचं युनिट होतं, दोन मशीनं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

बाजारात तीन तऱ्हेच्या पिशव्या असतात. हातात कुरकुर वाजते ती भाजीवाल्याची झबला पिशवी. ती एचडीपीई नावाच्या प्लास्टिकची, पातळ ओढली तरी वजन धरते. मऊ असते ती एलडीपीई. आणि ताईंची पारदर्शक, ती बहुतेक पीपी (पॉलिप्रॉपिलीन) असणार, कारण गरम रस्सा ओतला तर तीच तग धरते. एलडीपीईत उकळती आमटी ओतली की पिशवी लुळी पडते. 'जाड' आणि 'गरम सोसणारी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ना पथकाला ठाऊक असतं ना गिऱ्हाइकाला.

पिशव्या येतात कुठून? दाण्याला, म्हणजे पिशवी ज्यापासून बनते त्या कच्च्या प्लास्टिकला, बंदी नाही. त्याच दाण्यापासून दुधाची पिशवी होते, शेतात अंथरायचा कागद होतो. एक मशीन, एक दाणा, रात्रपाळीला काय निघतं ते कोण बघतं? शिवाय राज्याची हद्द ओलांडली की नियम बदलतो. ट्रकमध्ये ताडपत्रीखाली काय आहे हे विचारायची पद्धत आपल्याकडे आहेच.

मी २०१८ मध्ये मशीनं विकली. कर्ज होतं, कामगार होते, हातात तीन महिने. आणि त्याच वेळी वेफर्सचं पाकीट राजरोस चालू. त्यात दोन-तीन वेगवेगळे थर आणि वर चंदेरी मुलामा, वितळवून काही करता येत नाही. माझी एकाच मालाची पिशवी निदान वितळवता यायची. पाकिटवाल्यांना 'उत्पादकाची विस्तारित जबाबदारी' मिळाली, म्हणजे तेवढा कचरा गोळा केल्याची प्रमाणपत्रं दाखवा आणि धंदा चालू ठेवा. मला टाळं. बंदीला माझा विरोध नाही. पण ती वरून खाली यायला हवी होती, आली खालून वर, आणि भाजीवाल्या मावशींपाशी येऊन दमली.

चिंचेचं बोटुक
दाणेवाले, मनापासून लिहिलंत. पण 'वितळवता यायची' म्हणजे किती जण वितळवायचे? नाल्यात गेलेली पिशवी कोण परत आणून देतं?

सुपलीभर
या मुद्द्यावर मी बोलू शकते. मी पुण्यात कचरावेचक बायकांसोबत स्वयंसेवक म्हणून काम केलंय. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना १९९३ पासूनची, आणि घरोघरी कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था.

वर्गीकरणाच्या शेडमध्ये एक सकाळ बसा. पाण्याची बाटली पहिल्यांदा बाजूला निघते, तिला भाव आहे. शाम्पूची बाटली, तेलाचा कॅन, दुधाची पिशवी, सगळ्यांना भाव आहे. झबला पिशवीचं वजन दोन-तीन ग्रॅम. एक किलो व्हायला साडेतीनशे ते पाचशे वेचाव्या लागतात, आणि त्यात कांद्याची सालं, चहापत्ती, ओलं काय काय. कोण वेचेल? ताईंच्या रश्श्याची पिशवी तर सगळ्यात वाईट. पीपी म्हणून भाव आहे, पण तेलकट आणि आंबलेली असली की भंगारवाला हात लावत नाही. धुवायला पाणी शेडमध्ये नसतं. ती सरळ डेपोवर जाते.

म्हणून दाणेवाल्यांचं निम्मं पटतं. वेफर्सचं पाकीटही आमच्या ढिगात तसंच पडून राहतं, कुणी विकत घेत नाही. पण त्यांची पातळ पिशवी वितळायची ती कारखान्यातल्या कातरणाची. घराबाहेर पडलेली नाही.

दाणेवाला
कातरण, बरोबर. मान्य.

गंगाजळी
आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. दुधाला किटली, तेलाला बरणी, खानावळीत कडीचा डबा. मिसळीची तर्री आणायला आई पितळी डबा द्यायची, मी झाकण दाबून धरत चालायचो. दुकानदार वर्तमानपत्रात साखर बांधून द्यायचा, दोरा मात्र आई गुंडाळून ठेवायची. आज पिढीला डबा नेण्याची लाज वाटते.

चिंचेचं बोटुक
काका, डबा घासायला घरात कोण होतं तेही लिहा. ऑफिसातून सात वाजता उतरून भाजी घ्यायची असते तेव्हा पर्समध्ये लॅपटॉप असतो, पितळी डबा नसतो. लाज वगैरे काही नाही.

गंगाजळी
आई होती. मुद्दा पोचला.

पोटकलम
अवांतर: वर्तमानपत्रात खाण्याचे पदार्थ बांधायला आता अन्न सुरक्षा नियमांत बंदी आहे, शाईमुळे. म्हणजे वडापाववाल्याची दोन्हीकडून कोंडी.

बंडू बावळे
वडापाव हातावर. चटणी दुसऱ्या हातावर. पैसे तोंडाने यूपीआय.

तारकर्लीचो कुर्लो
आमच्या मासळी बाजारात विषय सोपा आहे. कोळणीकडे पिशवी मागितली की ती विचारते, 'पिशयी इसारलस तर बांगडे काय खिशात घालून नेतलस?' आणि देते. मागल्या हंगामात एकीने पिशवी ठेवणं बंद केलं. पर्यटक सगळे शेजारणीकडे वळले. तिने पुन्हा सुरू केलं. एकाच बाजारात एकीने बंद करून भागत नाही, हा तिचा मुद्दा मला कुठल्याही भाषणापेक्षा पटला.

पर्याय म्हणाल तर पोफळीची विरी (सुपारीच्या पानाचा रुंद देठ) आहे. बागेत गळून पडते, भिजवून साच्यात गरम दाबली की ताट-वाटी तयार. वाटी खोलगट येते, पातळ भाजी राहते. झाकण मात्र बसत नाही. स्कूटरवर नेऊन दाखवा.

कोरा चहा
मला एक कळत नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अभ्यासात म्हटलंय की साधी सुती पिशवी ७,१०० वेळा वापरली तर ती पर्यावरणाला प्लास्टिकच्या पिशवीइतकी 'स्वस्त' पडते. रोज वापरली तरी एकोणीस वर्षं. मग कापडी पिशवीचा एवढा उदो उदो का?

सुपलीभर
तो आकडा सगळ्या निकषांत जो सगळ्यात वाईट येतो त्यावरून काढलाय. फक्त हवामानावरचा परिणाम धरला तर त्याच अभ्यासात आकडा ५२ आहे. आणि उघड्यावर पडून होणारी घाण त्यांनी मोजलीच नाही. डेन्मार्कमध्ये पिशवी कचरापेटीत जाते, तिथून भट्टीत जाते. आपल्याकडे गाईच्या पोटात जाते. शिवाय नवी सुती पिशवी आणायला सांगतंय कोण? जुन्या चादरीची शिवा.

कोरा चहा
५२ माहीत नव्हतं. ठीक. पण मग दुकानात 'कापडी' म्हणून ज्या मिळतात, लग्नात आहेराला देतात त्या?

दाणेवाला
त्या कापडी नाहीत, नॉन-वोव्हन. तोच पीपी, फक्त धाग्याधाग्याचा दाबलेला. काडी लावून बघा, वितळून थेंब पडतो. त्यांच्यावरही २०१८ मध्ये राज्यात बंदी आली, २०२२ च्या अखेरीला त्यातल्या जाडजूड असतील त्यांना सूट मिळाली. नेत्याचा फोटो छापला की चालतात.

नेकारकाठ
उशिरा आलो. मी जर्मनीत राहतो, ट्युबिंगन नावाच्या छोट्या विद्यापीठ-गावात. हा धागा वाचून राहवलं नाही, कारण आमच्या गावाने नेमका ताईंचाच प्रश्न अंगावर घेतलाय.

जानेवारी २०२२ पासून इथे एकदा वापरायच्या डब्या-कपावर पालिकेचा कर आहे. डब्याला ५० सेंट, काटा-चमच्याला २०. मॅकडोनाल्ड्सची शाखा चालवणारीने दावा लावला, तो वर वर जात थेट घटनात्मक न्यायालयात पोचला, आणि जानेवारी २०२५ मध्ये निकाल पालिकेच्या बाजूने लागला. देशभरासाठी वेगळा नियम आहे: २०२३ पासून पार्सल देणाऱ्याने परत करायच्या डब्याचा पर्याय ठेवायलाच हवा. पाचपर्यंत माणसं आणि ८० चौरस मीटरपर्यंत जागा असलेल्या छोट्या दुकानांना त्यातून सूट, पण गिऱ्हाइकाने स्वतःचा डबा आणला तर त्यात भरून द्यावंच लागतं.

फार कौतुक करत नाही. लोक करावर कुरकुरतात, आणि इतर ठिकाणी परतीचा डबा मागणारे थोडेच. जे खरंच चालतं ते बाटलीचं. पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट अनामत, २००३ पासून. रिकामी बाटली मशीनमध्ये घातली की पैसे परत. बागेत बाटली दिसत नाही, दिसली तर कुणीतरी पैशांसाठी उचलतो.

बंडू बावळे
म्हणजे तिकडेही सुपलीभर ताईंच्या बायकाच आहेत, फक्त युरोत.

नेकारकाठ
हो. पेन्शनवर भागत नाही असे म्हातारे. हसण्यावारी नेऊ नका.

निलगिरी एक्स्प्रेस
अनामतीसाठी जर्मनीपर्यंत कशाला? निलगिरीत तमिळनाडूच्या सरकारी दारू दुकानात बाटलीमागे १० रुपये जास्त घेतात आणि रिकामी आणली की परत करतात. जंगलात फुटलेल्या काचांनी हत्तींचे पाय कापतात, म्हणून उच्च न्यायालयाने मागे लागून करवून घेतलं. तळीरामसुद्धा बाटली परत आणतो. दहा रुपयांत पुढच्या क्वार्टरची सुरुवात होते.

नागपुरी तर्री
मंग पन्नीवर दहा रुपये ठेवा ना बे.

दाणेवाला
काही पैशांत बनणाऱ्या वस्तूवर दहा रुपये अनामत ठेवली तर लोक नव्या पिशव्या आणून परत करतील आणि पैसे घेऊन जातील. अनामत टिकाऊ वस्तूवर चालते: काच, स्टील, जाड बाटली.

फोडणीची पोळी
दाणेवाले, तुमच्या या वाक्यानंतर मी आणि जाऊ बराच वेळ डोकं खाजवत बसलो. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, त्यावर आमचा बेत:

आमचे निम्म्याहून जास्त लोक रोजचे आहेत, नावाने माहीत आहेत. त्यांना झाकणाचा, कडी असलेला स्टीलचा डबा द्यायचा, अनामत घेऊन. भरलेला घेऊन जा, रिकामा घासून आणा, दुसरा भरलेला घ्या. घासून न आणल्यास आम्ही घासू, पण त्याचे पाच रुपये. (बोटुक, हे तुमच्यासाठी. डबा घासणं फुकट नाही हे भाव-पाटीवरच लिहिणार आहोत.) स्वतःचा डबा आणणाऱ्याला मात्र पाच रुपये कमी.

येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी उसाच्या चोयट्यांची झाकणाची वाटी, प्रमाणपत्र बघून. महाग आहे, पिशवी पैशांत पडते, ही रुपयांत. ती किंमत वेगळी दाखवणार, आमटीत मिसळणार नाही. ट्युबिंगनची आयडिया ढापली, नेकारकाठ.

मावशींच्या पावतीचं काही करता येत नाही. गल्लीतल्या आम्ही चौघींनी वर्गणी काढली.

नेकारकाठ
ढापा, कर नाही. एक व्यवहाराची गोष्ट: इथे गिऱ्हाइकाचा डबा दुकानदार हातात घेत नाही. काउंटरवर ट्रे ठेवतात, डबा त्यावर उघडा ठेवायचा, पळी डब्याच्या काठाला लागू द्यायची नाही. तुमच्या पातेल्याची स्वच्छता राहते आणि वादही होत नाहीत.

चिंचेचं बोटुक
भाव-पाटीचा फोटो टाका नक्की! पण ॲपवरून ऑर्डर येतात त्यांचं काय? डिलिव्हरीचा मुलगा रिकामा डबा परत आणणार नाही.

फोडणीची पोळी
तिथे अडलंय. वाटीचं झाकण वाटेत सुटतं, मुलगा शिव्या खातो. एकाने कंपोस्टेबल पिशवी दाखवली, हिरवी, हाताला मऊ. ती घेऊ का?

पोटकलम
पिशवीवर बनवणाऱ्याचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक छापलेला आहे का बघा. नुसतं हिरवं पान आणि 'इको' छापलं असेल तर ती बंदीतलीच समजा. खरी असली तरी पथकाशी हुज्जत तुम्हालाच घालावी लागेल, म्हणून प्रमाणपत्राची प्रत गल्ल्याजवळ लावून ठेवा.

दाणेवाला
आणि आधी घरी उकळती आमटी ओतून तासभर टांगून ठेवा. बऱ्याच हिरव्या पिशव्या गरम सोसत नाहीत. परसात पुरली म्हणून लगेच विरघळेल असंही नाही, तिला मोठ्या प्रकल्पातली उष्णता लागते. बाहेरून आधार म्हणून वापरा, आत वाटी.

कोरा चहा
या निमित्ताने आठवलं. २०१८ च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परतीची किंमत छापायची असं होतं. ते पन्नास पैसे कुणाला कधी मिळालेत?

बंडू बावळे
नाही.

गंगाजळी
नाही. विचारलं होतं, दूधवाला हसला.

सुपलीभर
आमच्या बायकांना मिळतात, पण वजनावर. धुतलेली, वाळवलेली पिशवी असेल तर किलोला बरा भाव येतो. न धुता द्याल तर त्यांना आधी घरी नेऊन धुवावी लागते. तेव्हा फाडताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो चिमुकला तुकडा कुणालाच वेचता येत नाही.